डेलावेअर, २०१०: निवडून येईल कोण, यावरून उजव्यांत पडलेली फूट

१४ सप्टेंबर २०१० च्या रात्री अमेरिकेतील उजव्या विचारांच्या फॉक्स न्यूज वाहिनीवर झालेले एक संभाषण त्या वाहिनीच्या नेहमीच्या प्रेक्षकाला बुचकळ्यात टाकणारे होते. डेलावेअर या चिमुकल्या राज्यातील सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, जागेसाठी रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीचा निकाल नुकताच लागला होता आणि टी पार्टी या कमी कर व मर्यादित सरकार मागणाऱ्या उजव्या चळवळीच्या बळावर उभ्या राहिलेल्या क्रिस्टीन ओडोनेल यांनी पक्षाचे ज्येष्ठ नेते माइक कॅसल यांना हरवले होते. निवेदक शॉन हॅनिटी यांना या विजयाचे कौतुक होते. त्यांच्या कार्यक्रमात आलेले कार्ल रोव्ह, म्हणजे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या दोन्ही अध्यक्षीय विजयांचे शिल्पकार, यांना मात्र नव्हते. ही लढत आता आपण जिंकू शकत नाही, सिनेटच्या आठ-नऊ जागांची आशा होती ती सात-आठवर आली, असे त्यांनी थेट सांगितले. एवढ्यावर न थांबता ओडोनेल यांची काही विधाने चक्रमपणाची असल्याचेही ते बोलून गेले. दुसऱ्या दिवसापासून रोव्ह यांच्यावर जो भडिमार झाला तो डेमोक्रॅटिक पक्षाकडून नव्हे, तर त्यांच्याच पंगतीत बसणाऱ्यांकडून झाला. रेडिओवर रश लिंबॉ आणि मार्क लेव्हिन, लेखणीच्या बाजूने मिशेल माल्किन हे सगळे त्यांच्यावर तुटून पडले.

निवडून येण्याची क्षमता, ज्याला आपल्याकडे तिकीटवाटपाच्या हंगामात ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात, ती नेमकी कशी मोजावी यावरून एकाच विचाराच्या माणसांत झालेला हा वाद पंधरा वर्षांनंतरही अभ्यासण्यासारखा आहे. आपल्याकडे हे मोजमाप पक्षश्रेष्ठी बंद दाराआड करतात आणि ज्याला उमेदवारी नाकारली जाते त्याला ते निकालासारखे ऐकवले जाते. अमेरिकेत उमेदवार ठरवण्याचा अधिकार प्राथमिक निवडणुकीत मत देणाऱ्या मतदारांकडे असल्यामुळे तेच मोजमाप उघड्यावर, हजारो सामान्य माणसांना पटवून द्यावे लागते. आणि ते पटवून देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भाष्यकार करतात. त्यामुळे येथे भाष्यकारांचे मत ही केवळ टिप्पणी राहत नाही, ती निवडणुकीच्या यंत्रणेचाच एक भाग बनते.

जागा आणि उमेदवार

ही जागा जो बायडेन यांची. २००८ मध्ये ते उपाध्यक्षपदी निवडून आले आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, सिनेटवरही पुन्हा निवडून आले, कारण डेलावेअरच्या कायद्याने त्यांना दोन्हीकडे उभे राहता आले. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला आणि त्यांचे जुने सहायक टेड कॉफमन यांची त्या जागी नेमणूक झाली. कॉफमन निवडणूक लढवणार नाहीत हे पहिल्यापासून स्पष्ट होते, त्यामुळे उरलेल्या चार वर्षांसाठीची २०१० ची निवडणूक बायडेन यांचे चिरंजीव बो यांच्यासाठी राखून ठेवली आहे, असाच सर्वांचा समज होता. जानेवारी २०१० मध्ये बो बायडेन यांनी आपण उभे राहणार नसल्याचे जाहीर केले आणि डेमोक्रॅटिक पक्षाला न्यू कॅसल काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) प्रशासक क्रिस कून्स यांच्यावर समाधान मानावे लागले. त्या वेळी कून्स यांना राज्याबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते.

रिपब्लिकन पक्षाच्या दृष्टीने हा योग दुर्मीळ होता. डेलावेअरमध्ये डेमोक्रॅटिक म्हणून नाव नोंदवलेले मतदार रिपब्लिकन म्हणून नोंदवलेल्यांपेक्षा बरेच जास्त आहेत आणि २००० मध्ये विल्यम रॉथ हरल्यापासून पक्षाला तेथून सिनेटची जागा मिळालेली नव्हती. परंतु माइक कॅसल हे या नियमाला अपवाद होते. उपराज्यपाल, दोनदा राज्यपाल आणि १९९३ पासून प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, सदस्य असा त्यांचा प्रवास होता. डेलावेअरला प्रतिनिधिगृहात एकच जागा असल्यामुळे ती निवडणूकही संपूर्ण राज्यात होते. म्हणजे १९८० पासून त्यांनी राज्यव्यापी बारा निवडणुका जिंकल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच डेमोक्रॅटिक मतदारांच्या मदतीने जिंकल्या होत्या. ते गर्भपाताच्या अधिकाराच्या बाजूचे, बंदुकांवर काही नियंत्रण असावे असे मानणारे होते आणि जून २००९ मध्ये कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या विधेयकाला ज्या आठ रिपब्लिकन सदस्यांनी मत दिले त्यांपैकी एक होते. ते विधेयक २१९ विरुद्ध २१२ असे काठावर संमत झाले होते, हे त्यांच्या विरोधकांच्या पक्के स्मरणात होते. ओबामांचा आर्थिक पॅकेजचा कायदा आणि आरोग्यविम्याचा कायदा या दोहोंच्या विरोधात त्यांनी मतदान केले होते, याचे स्मरण त्यांच्या समर्थकांना होते.

क्रिस्टीन ओडोनेल यांची ही तिसरी खेप. २००६ मध्ये त्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत तिसऱ्या आल्या. २००८ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली, पण बायडेन यांच्यासमोर त्यांना ३५ टक्के मते पडली. नव्वदच्या दशकात तरुणांमध्ये लैंगिक संयमाचा प्रचार करणारी कार्यकर्ती म्हणून त्या दूरदर्शन वाहिन्यांवर वारंवार दिसत, आणि त्या काळातल्या त्यांच्या ध्वनिचित्रफिती कोणाच्या ना कोणाच्या कपाटात पडून होत्या.

ऑगस्टच्या अखेरीपर्यंत ही लढत कोणी गंभीरपणे घेतली नव्हती. २४ ऑगस्टला अलास्कामध्ये जो मिलर या अल्पपरिचित उमेदवाराने विद्यमान सिनेटर लिसा मर्कोवस्की यांना प्राथमिक निवडणुकीत हरवले आणि चित्र पालटले. मिलर यांच्यामागे उभी राहिलेली ‘टी पार्टी एक्स्प्रेस’ ही कॅलिफोर्नियातली संघटना आता डेलावेअरकडे वळली आणि ओडोनेल यांच्यासाठी सुमारे अडीच लाख डॉलर खर्च करण्याचे तिने ठरवले. मतदानाच्या आदल्या आठवड्यात २००८ च्या रिपब्लिकन उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन आणि दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर जिम डेमिंट यांनीही ओडोनेल यांना पाठिंबा जाहीर केला. राज्यातील पक्षाध्यक्ष टॉम रॉस यांनी उत्तरादाखल जे सांगितले ते पुढे फार गाजले: या बाई डेलावेअरमध्ये भटकी कुत्री पकडणाऱ्याच्या पदावरही निवडून येऊ शकणार नाहीत.

वादातले पक्ष

वरवर पाहता वाद सोपा होता. एका बाजूला स्तंभलेखक चार्ल्स क्राउटहॅमर, रोव्ह, ‘वीकली स्टँडर्ड’ या उजव्या नियतकालिकातील लेखक आणि ‘नॅशनल रिव्ह्यू’तील काही जण, दुसऱ्या बाजूला लिंबॉ, लेव्हिन, माल्किन, हॅनिटी. पहिल्या गटाचा हिशेब असा. सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या ४१ जागा आहेत. ५०-५० अशी बरोबरी झाली तर निर्णायक मत उपाध्यक्ष बायडेन यांचे, त्यामुळे बहुमतासाठी ५१ हव्यात, म्हणजे दहा जागा नव्याने जिंकायला हव्यात. अशा वर्षी कॅसल यांच्या रूपाने जवळपास हातात असलेली जागा सोडून देणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे. पेलिन आणि डेमिंट यांचा पाठिंबा क्राउटहॅमर यांना बेजबाबदारपणाचा वाटला आणि तो शब्द त्यांनी वापरला.

दुसऱ्या गटाचे म्हणणे मात्र एकसंध नव्हते, आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा येथेच आहे. नीट ऐकले तर त्यात तीन वेगवेगळे युक्तिवाद होते आणि बोलणारा सोयीप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर उडी मारत होता.

पहिला युक्तिवाद असा की, ओडोनेल निवडून येऊ शकतात. २००८ हे ओबामांच्या लाटेचे वर्ष होते आणि समोर घरचे सुपुत्र बायडेन होते. २०१० मध्ये वारे उलट्या दिशेने वाहत आहे आणि समोर कून्स आहेत. विद्यार्थिदशेत आपण दाढीवाले मार्क्सवादी कसे झालो यावर विनोदाच्या सुरात लिहिलेला कून्स यांचा लेख सापडला होता, आणि सिनेटमधले डेमोक्रॅटिक नेते हॅरी रीड यांनी तर त्यांना आपला लाडका पाळीव प्राणी म्हणून टाकले होते. असा प्रतिस्पर्धी अजिंक्य कसा, हा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. त्याच वर्षीच्या फ्लोरिडातील लढतीत पक्षाच्या सिनेट प्रचार समितीने राज्यपाल चार्ली क्रिस्ट यांना पाठिंबा दिला होता आणि मार्को रुबिओ यांना कोणी विचारत नव्हते. केंटकीत पक्षनेतृत्वाची पसंती असलेल्या उमेदवाराला रँड पॉल यांनी धूळ चारली होती. ‘निवडून येणार नाही’ असे ज्यांच्याविषयी सांगितले गेले ते निवडून येण्याच्या वाटेवर होते.

दुसरा युक्तिवाद असा की, कॅसल निवडून आले तरी ती जागा आपली नव्हेच. येथे प्रत्येकाच्या ओठांवर एक नाव होते, पेनसिल्वेनियाचे आर्लन स्पेक्टर. २००४ मध्ये पॅट टूमी यांनी स्पेक्टर यांना प्राथमिक निवडणुकीत आव्हान दिले तेव्हा अध्यक्ष बुश यांच्यासह सगळे नेतृत्व ‘निवडून येणारा’ म्हणून स्पेक्टर यांच्या मागे उभे राहिले, आणि स्पेक्टर सुमारे १७ हजार मतांनी वाचले. एप्रिल २००९ मध्ये, आता टूमी आपल्याला हरवणार हे दिसताच, तेच स्पेक्टर डेमोक्रॅटिक पक्षात गेले. त्यांच्यामुळे त्या पक्षाला सिनेटमधली विरोधकांची अडवणूक मोडण्यासाठी लागणारा साठचा आकडा गाठता आला आणि त्या साठांच्या बळावर डिसेंबर २००९ मध्ये आरोग्यविम्याचा कायदा सिनेटमध्ये संमत झाला. ज्याने ही जखम ताजी ताजी सोसली आहे त्याला ‘जागा हातात आहे’ हे वाक्य ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना क्राउटहॅमर यांच्या गटाने पुरेशी केली नाही.

तिसरा युक्तिवाद याहून स्पष्टवक्तेपणाचा होता, पण तो क्वचितच उघडपणे मांडला गेला. तो असा: ही जागा गेली तर जाऊ दे, पण पक्षात राहून विरोधकांना मते देणाऱ्यांना धडा मिळाला पाहिजे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, या आपल्या म्हणीत जो विचार आहे तोच हा. डेमिंट यांनी आदल्या वर्षीच सांगून ठेवले होते की, ठाम तत्त्वे नसलेल्या साठ सिनेटरांपेक्षा तत्त्वे मानणारे तीस आपल्याला अधिक पसंत आहेत. हा शिस्तीचा युक्तिवाद आहे आणि त्याला स्वतःची संगती आहे. ज्याला तो पटतो त्याला ओडोनेल यांच्या विजयाची शक्यता किती, हा प्रश्न विचारण्याचीच गरज नाही.

अडचण अशी की, रेडिओवर बोलताना, डोळ्यांसमोर निवडणूक असताना, ‘हरलो तरी चालेल’ असे म्हणता येत नाही. म्हणून तिसरा युक्तिवाद पटलेली माणसे पहिल्याच्या भाषेत बोलत राहिली. कशाचे मोल किती, हे ठरवण्याचा वाद शक्यतेच्या वादाचे कपडे घालून आला. त्याचा परिणाम असा झाला की, क्राउटहॅमर आणि रोव्ह चाचण्यांचे आकडे दाखवत राहिले आणि समोरच्यांना ते लागू होतच नव्हते. आणि समोरचे स्पेक्टर यांचे नाव घेत राहिले, ज्याला आकड्यांच्या भाषेत उत्तर नव्हते.

बकली यांचा नियम

दोन्ही गटांनी एकाच माणसाची साक्ष काढली, हा या प्रकरणातला सर्वांत रोचक भाग आहे. ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक १९५५ मध्ये काढणारे विल्यम एफ. बकली हे अमेरिकेतील आधुनिक उजव्या विचाराचे जनक मानले जातात. निवडून येऊ शकेल अशा उमेदवारांपैकी सर्वांत उजवा जो असेल त्याला मत द्यावे, हा ‘बकली नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९६७ मध्ये, पुढच्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी बोलताना, त्यांनी या आशयाचे विधान केले होते, आणि त्या वेळी त्यांच्या मनात रिचर्ड निक्सन होते. क्राउटहॅमर यांनी निकालाच्या त्याच आठवड्यात वॉशिंग्टन पोस्टमधील आपल्या स्तंभात याच नियमाचा आधार घेतला. लिंबॉ यांनी त्यावर स्वतःचा नियम पुढे केला: मतदार डाव्या धोरणांना विटलेले आणि देश कोठे चालला आहे या विचाराने घाबरलेले असतात अशा वर्षी प्राथमिक निवडणुकीत सर्वांत उजव्या उमेदवाराला मत द्यावे, बस्स.

लिंबॉ यांच्या नियमातली अट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘अशा वर्षी’ हे शब्द त्यांनी घातले, म्हणजे निवडून येण्याचा निकष त्यांनी मोडीत काढला नाही. वर्ष अनुकूल असल्यामुळे तो आपोआप पूर्ण होतो असे गृहीत धरले. येथे त्यांचा हिशेब चुकला असे मला वाटते. लाट सर्व किनाऱ्यांवर सारख्याच उंचीची येत नाही. डेलावेअरसारख्या राज्यात अनुकूल वर्षाचा अर्थ एवढाच होता की, एरवी अशक्य असलेली लढत योग्य उमेदवाराच्या हाती शक्य झाली.

पण बकली यांची साक्ष क्राउटहॅमर यांच्या बाजूने तरी निर्विवाद पडते का? बकली यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने पुढे सांगितलेली आठवण अशी की, हा नियम मुळात १९६४ चा. अध्यक्षपदासाठी कट्टर उजवे बॅरी गोल्डवॉटर की मवाळ नेल्सन रॉकफेलर, असा पेच नियतकालिकाच्या संपादकांपुढे होता आणि बकली यांनी जो शब्द वापरला त्याचा अर्थ ‘निवडून येणारा’ असा नव्हता, तर ‘आपला विचार विश्वासार्हपणे पुढे नेणारा’ असा होता. नियतकालिक गोल्डवॉटर यांच्या मागे उभे राहिले आणि गोल्डवॉटर ५० पैकी ४४ राज्यांत हरले.

बकली यांची कृती तर त्यांच्या नियमापेक्षाही बोलकी आहे. १९६५ मध्ये ते स्वतः न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहिले. निवडून आलात तर पहिले काय कराल, या प्रश्नावर फेरमोजणीची मागणी करीन असे त्यांनी उत्तर दिले होते! त्यांना १३ टक्क्यांच्या आसपास मते पडली. ही उमेदवारी जिंकण्यासाठी नव्हतीच; रिपब्लिकन पक्षाचे उदारमतवादी उमेदवार जॉन लिंडसे यांना विरोध करण्यासाठी होती. १९८८ मध्ये कनेटिकटमध्ये त्यांनी याहून पुढची पायरी गाठली. रिपब्लिकन सिनेटर लोवेल वायकर हे त्यांना इतके डावे वाटत की, त्यांना पाडण्यासाठी बकली यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार जो लिबरमन यांना पाठिंबा दिला, आणि लिबरमन थोडक्या मतांनी निवडून आले. म्हणजे पक्षाची जागा जाऊ दे पण हा माणूस नको, हा डेमिंट यांच्या समर्थकांचा युक्तिवाद बकली यांनी बावीस वर्षे आधी अमलात आणून दाखवला होता. क्राउटहॅमर यांनी बकली यांचे वाक्य घेतले आणि लिंबॉ यांनी ते वाक्य नाकारले; बकली यांचे वर्तन कोणीच पुढे आणले नाही, हे मला या वादातले मोठे नवल वाटते. ते पुढे आणले असते तर निदान वाद कशाविषयी आहे एवढे तरी उघड झाले असते.

मतदानाच्या दिवशी काय माहीत होते

अशा प्रकरणाचा अभ्यास करताना निकालाच्या उजेडात मागे वळून पाहण्याचा मोह होतो आणि तो आवरावा लागतो. १४ सप्टेंबरला मतदाराच्या हाती काय पुरावा होता, यावरच त्या दिवसाच्या सल्ल्याचे मोल ठरते.

हाती बरेच होते. सप्टेंबरच्या आरंभीच्या जनमत चाचण्यांत कॅसल हे कून्स यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास पुढे आणि ओडोनेल जवळपास तेवढ्याच मागे दिसत होत्या. ही तफावत किरकोळ नाही. ती वीस टक्क्यांची होते. शिवाय ओडोनेल यांच्या स्वतःच्या बोलण्यातूनच एक पुरावा मिळाला होता. २००८ मध्ये राज्याच्या तीनपैकी दोन काउंट्यांत आपण बायडेन यांना हरवले होते असे त्या सांगत. डेलावेअरमधल्याच, उजव्या विचारांच्या, एका रेडिओ निवेदकाने त्यांना यावर धारेवर धरले, कारण प्रत्यक्षात त्या तिन्ही काउंट्यांत हरल्या होत्या. निवडून येण्याची क्षमता हाच ज्या वादाचा विषय त्यात उमेदवाराने आपल्या मागच्या निवडणुकीचा निकाल चुकीचा सांगावा, हे साधे नव्हते. ‘वीकली स्टँडर्ड’ने त्यांचा एका पूर्वीच्या मालक-संस्थेविरुद्धचा लाखो डॉलरच्या भरपाईचा दावा आणि शिक्षणाविषयीची विधाने यांवर मजकूर छापला होता. लेव्हिन यांनी त्याला चिखलफेक म्हटले. चिखलफेक असेलही, पण ज्या गोष्टी मित्रपक्षाच्या नियतकालिकाला सापडतात त्या शत्रुपक्षाला ऑक्टोबरमध्ये सापडणारच, हा धोक्याचा इशारा त्यात होता आणि तो वाचायला हवा होता.

क्राउटहॅमर यांच्या गटाचीही एक चूक येथे नोंदवली पाहिजे. कॅसल यांच्या उमेदवारीची किंमत त्यांनी जवळजवळ पूर्ण धरली. सिनेटमध्ये ५१ वा सदस्य मोलाचा खरा, पण त्या वर्षी ५१ ला पोहोचण्यासाठी सगळेच फासे मनासारखे पडायला हवे होते. आणि पक्ष तेथे पोहोचला असता तरी ५१ वे मत कॅसल यांचे असते, म्हणजे प्रत्येक कळीच्या मतदानात त्यांची मनधरणी करावी लागली असती. जो मतदार स्पेक्टर यांच्यामुळे पोळला होता त्याला हे न सांगता फक्त आकडा सांगणे म्हणजे त्याच्या शंकेला उत्तर न देणे होते. वरून पक्षाध्यक्षांची ती कुत्रे पकडण्याची उपमा आली. ज्यांचे मत वळवायचे आहे त्यांच्या पसंतीची अशी टर उडवल्यावर ती माणसे अधिक हट्टाला पेटतात, हे गल्लीतल्या निवडणुकीत काम केलेला कोणीही सांगेल.

मतदान झाले तेव्हा सुमारे ५७ हजार मते पडली. ओडोनेल यांना ५३ टक्के, कॅसल यांना ४७. फरक साडेतीन हजारांचा. उत्तरेकडील, शहरी वस्तीची न्यू कॅसल काउंटी कॅसल यांच्याकडे राहिली, दक्षिणेकडील केंट आणि ससेक्स या ओडोनेल यांच्याकडे गेल्या. ही प्राथमिक निवडणूक फक्त नोंदणीकृत रिपब्लिकन मतदारांसाठी होती, त्यामुळे ज्या अपक्ष आणि डेमोक्रॅटिक मतदारांच्या जोरावर कॅसल बारा निवडणुका जिंकले होते त्यांना या फेरीत आवाजच नव्हता. नोव्हेंबरमध्ये तीन लाखांहून अधिक लोक मतदान करणार होते.

नोव्हेंबर

पुढचे थोडक्यात सांगता येते. पक्षाच्या सिनेट प्रचार समितीचे प्रमुख जॉन कॉर्निन यांनी दुसऱ्या दिवशी ४२ हजार डॉलरचा धनादेश पाठवून पाठिंबा जाहीर केला, देशभरातून ओडोनेल यांच्याकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला, आणि तीनच दिवसांत विनोदी निवेदक बिल मार यांनी १९९९ मधली एक जुनी चित्रफीत दाखवली, ज्यात ओडोनेल यांनी तरुणपणी जादूटोण्याच्या नादी लागल्याचे सांगितले होते. ऑक्टोबरच्या आरंभी ‘मी चेटकीण नाही’ या वाक्याने सुरू होणारी त्यांची जाहिरात आली आणि मग देशाने दुसरे काही ऐकलेच नाही. महिन्याच्या मध्यास, विधि महाविद्यालयात झालेल्या चर्चेत, धर्म आणि राज्य यांची फारकत राज्यघटनेत कोठे आहे असे त्यांनी विचारले तेव्हा श्रोत्यांत हशा पिकला. त्यांचे समर्थक म्हणाले की, नेमके ते शब्द घटनेत नाहीतच. ते खरेही आहे, पण अशी सबब ऐकायला त्या टप्प्यावर कोणी थांबलेले नव्हते. २ नोव्हेंबरला कून्स यांना सुमारे ५७ टक्के आणि ओडोनेल यांना ४० टक्के मते मिळाली.

त्या रात्री रिपब्लिकन पक्षाच्या सिनेटमधील जागा ४१ वरून ४७ झाल्या. नेवाडात टी पार्टीच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या शॅरन अँगल हॅरी रीड यांच्याकडून हरल्या. पण रुबिओ, रँड पॉल जिंकले आणि पेनसिल्वेनियात तेच टूमी, ज्यांना सहा वर्षांपूर्वी निवडून न येणारे म्हणून बाजूला सारले गेले होते, सुमारे दोन टक्क्यांनी निवडून आले. बहुमत चार जागांनी हुकले, म्हणजे एकटी डेलावेअरची जागा मिळून ते येणार नव्हते. प्रत्येक गटाला आपापली उदाहरणे मिळाली आणि कोणीही मत बदलले नाही.

कॅसल उभे असते तर काय झाले असते, याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण इलिनॉयचे आहे. मार्क कर्क हेही मवाळ रिपब्लिकन, कार्बन विधेयकाला मत देणाऱ्या त्या आठांपैकीच एक, आणि लढत होती ओबामांनी रिकाम्या केलेल्या जागेसाठी, डेमोक्रॅटिक वर्चस्वाच्या राज्यात. फेब्रुवारीतल्या प्राथमिक निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले अधिक उजवे उमेदवार फिके पडले, आणि नोव्हेंबरमध्ये कर्क जेमतेम दोन टक्क्यांनी जिंकले. क्राउटहॅमर यांचा हिशेब येथे अक्षरशः खरा ठरला. कर्क यांची शपथ २९ नोव्हेंबरला झाली. १८ डिसेंबरला समलिंगी सैनिकांवरील बंधन उठवणारे विधेयक सिनेटपुढे आले तेव्हा त्याच्या बाजूने मत देणाऱ्या आठ रिपब्लिकन सिनेटरांत ते होते. लेव्हिन यांच्या श्रोत्याला यात स्पेक्टर यांची सावली दिसली असेल तर नवल नाही, आणि इलिनॉयच्या मतदाराला आपण निवडलेला माणूस आपल्या राज्यासारखाच वागला असे वाटले असेल तर तेही नवल नाही.

मर्कोवस्की यांनी प्राथमिक निवडणूक हरल्यावर मतपत्रिकेवर आपले नाव हाताने लिहिण्याचे आवाहन अलास्कातल्या मतदारांना केले आणि त्या निवडून आल्या. कॅसल यांनी तसा विचार काही दिवस केला, सप्टेंबरच्या अखेरीस तो सोडून दिला, आणि ओडोनेल यांना त्यांनी पाठिंबाही दिला नाही.

दुसरी जागा

एक गोष्ट मात्र या सगळ्या वादात मला फारशी कोठे दिसत नाही. सिनेटसाठी उभे राहताना कॅसल यांनी आपली प्रतिनिधिगृहाची जागा सोडली होती. त्या जागेसाठीही १४ सप्टेंबरलाच प्राथमिक निवडणूक झाली आणि तेथेही पक्षनेतृत्वाच्या पसंतीच्या उमेदवाराला टी पार्टीकडे झुकलेल्या ग्लेन अर्कहार्ट यांनी थोडक्या मतांनी मागे टाकले. नोव्हेंबरमध्ये ते डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन कार्नी यांच्याकडून मोठ्या फरकाने हरले. ज्या वर्षी रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात निव्वळ ६३ जागा मिळवल्या त्या वर्षी त्याच्या हातून देशभरात फक्त तीन जागा गेल्या: एक हवाईची, एक लुइझियानाची, आणि तिसरी कॅसल यांनी सतरा वर्षांहून अधिक काळ सांभाळलेली डेलावेअरची.